आयर्लंडमध्ये हॅलोविन घरच्या घरी, तिथल्या रीतीने कसा साजरा करावा?

तुम्ही विचारलंय की दोन महिन्यांपूर्वी मीथ काउंटीत राहायला आलोय, मुलं सहा आणि दहा वर्षांची आहेत, धाकटी भुतांना फार घाबरते, घर शाकाहारी आहे, आणि दुकानातली प्लॅस्टिकची हाडं-कवट्या टांगण्यापेक्षा इथली मूळ रीत घरात करायची आहे. मी याच काउंटीत, नवनच्या जवळ, अकरा वर्षं राहतेय. मूळची सिंधुदुर्गातली. तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हॅलोविन मूळचा इथलाच. आयरिश भाषेत त्या रात्रीला ‘ईहा हाउना’ म्हणतात, म्हणजे साउइनची रात्र. साउइन हा सुगी संपून हिवाळा सुरू होण्याचा सण, आणि नोव्हेंबर महिन्याचं आयरिश नावही तेच. त्या रात्री या जगाची आणि त्या जगाची वेस उघडी पडते, मेलेली माणसं घरी येतात आणि त्यांच्याबरोबर नको ते सुद्धा येतं, असं मानत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक पोटासाठी अमेरिकेत गेले, त्यांच्याबरोबर हा सणही गेला. तिथे त्याला भोपळा मिळाला, आणि आता तोच भोपळा घेऊन तो परत आलाय. म्हणून इथल्या दुकानात जे दिसतं त्यावरून इथल्या जुन्या घरातली रीत कळत नाही. ती मला शेजारच्या आजींनी शिकवली.

आधी जेवणाचं सांगते, कारण तुम्हाला त्याची काळजी वाटत असणार. काळजी करू नका. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, आणि त्याच्या आदल्या दिवशी कॅथलिक घरांत मांस वर्ज्य असायचं. त्यामुळे या रात्रीचं पारंपरिक ताट शाकाहारीच आहे. मुख्य पदार्थ कोलकॅनन. उकडलेले बटाटे गरम असतानाच कुस्करायचे, त्यात वाफवून बारीक चिरलेला केल किंवा कोबी, कांद्याची पात, गरम दूध, मीठ, आणि वर खड्डा करून त्यात लोण्याचा गोळा. प्रत्येकाने कडेचा घास त्या वितळलेल्या लोण्यात बुडवून खायचा. त्यात नाणी लपवतात. नाणं स्वच्छ धुऊन बेकिंगच्या कागदात नीट गुंडाळा, आणि जेवायला बसायच्या आधी सगळ्यांना सांगा. सहा वर्षांच्या मुलीच्या पानात मी घासात नाणं घालणार नाही, वाटीखाली ठेवेन. तिचा आनंद तेवढाच असतो. बॉक्स्टी म्हणून किसलेल्या बटाट्याचं धिरडंही करतात, ते आपल्या मुलांना लगेच आवडतं.

दुसरा पदार्थ बार्मब्रॅक, ज्याला सगळे नुसतं ब्रॅक म्हणतात. मनुका-बेदाण्यांचा ठिपकेदार गोड पाव. विकतच्या ब्रॅकमध्ये कागदात गुंडाळलेली अंगठी असते. जुन्या घरी त्यात अंगठी, नाणं, वाटाणा, चिंधी आणि काडी असं सगळं घालत आणि ज्याच्या कापात जे येईल त्यावरून वर्षाचं भविष्य सांगत. अंगठी म्हणजे लग्न, नाणं म्हणजे पैसा, वाटाणा म्हणजे यंदा लग्न नाही, चिंधी म्हणजे गरिबी. काडीचा अर्थ संसारात मारझोड असा होता. मी काडी आणि चिंधी दोन्ही वगळते. मुलांच्या हातात असलं भविष्य कशाला द्यायचं, आणि काडीचा अर्थ मुलीला समजावून सांगायची वेळ माझ्यावर यावी असं मला वाटत नाही.

घरी करायचा तर यीस्टपेक्षा चहाचा ब्रॅक सोपा. ३५० ग्रॅम मनुका-बेदाणे ३०० मिली कडक कोऱ्या चहात रात्रभर भिजवा. सकाळी त्यात १२५ ग्रॅम ब्राउन साखर, २५० ग्रॅम सेल्फ-रेझिंग पीठ, थोडी दालचिनी-जायफळ. अंडं चालत नसेल तर तीन-चार चमचे दही. १६० अंशांवर साधारण सव्वा तास. अंगठी भाजल्यावर खालून चीर देऊन सरकवा. कापल्यावर लोणी लावून खायचा. चहात मनुका भिजवायचं काम धाकटीला द्या, ती दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या टम्म फुगलेल्या मनुका बघायला धावेल.

आता कंदील. इथे जुन्या काळी भोपळा नव्हता, टर्निप कोरत. दुकानात टर्निप म्हणून मिळतो तो आपला सलगम नव्हे, मोठा, जांभळट सालीचा, आत पिवळा असलेला कंद. तो दगडासारखा असतो. वरची चकती कापायचं काम मोठ्यांनीच करायचं. मग मजबूत धातूचा चमचा घेऊन खरवडत बसायचं, एकाला तासभर सहज लागतो. आमच्याकडे आळीपाळीने चमचा फिरतो आणि तेवढ्या वेळात गोष्ट सांगून होते. निघालेल्या किसाची मी मोहरी, हिरवी मिरची आणि ओलं खोबरं घालून भाजी करते. आत मेणबत्ती लावली तर टर्निप भाजल्याचा उग्र वास येतो. आजी म्हणायच्या, तोच हॅलोविनचा वास. लहान मूल घरात आहे तर बॅटरीचा दिवा घाला. दोन-तीन दिवसांत तो कंद सुकून सुरकुततो आणि त्याचं तोंड एकदम म्हाताऱ्या माणसासारखं दिसायला लागतं. मेयो काउंटीत कासलबारजवळ टरलो पार्कला ग्रामीण जीवनाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे डोनेगलमधल्या फिनटाउनच्या एका जुन्या टर्निप कंदिलाची प्लास्टरची प्रतिकृती ठेवलीय. तो चेहरा भोपळ्यांपेक्षा कितीतरी भयंकर आहे, धाकटीला आधी फोटो दाखवून मगच न्या.

कोरताना सांगायची गोष्ट जॅकची. जॅक हा कंजूष आणि महालबाड माणूस. त्याने सैतानाला झाडावर फळ काढायला चढवलं आणि खाली खोडावर क्रूस कोरला, सैतान अडकला. माझा आत्मा कधी नेणार नाही असं वचन घेऊनच त्याला उतरू दिलं. पुढे जॅक मेला. स्वर्गात त्याला घेतलं नाही, आणि सैतान वचनाला बांधलेला, त्यामुळे नरकाचंही दार बंद. अंधारात जाऊ कुठे म्हणाला तेव्हा सैतानाने एक पेटता निखारा त्याच्याकडे फेकला. जॅकने तो खात असलेल्या टर्निपमध्ये ठेवला आणि तेव्हापासून तो फिरतोच आहे.

तुमच्या मुलीच्या भीतीबद्दल. माझी मोठी मुलगी त्या वयात मुखवटे बघून रडायची. आजींनी तिला सांगितलं, अगं, मुखवटा भुताला घाबरवायला आणि फसवायला असतो. बाहेर जाताना तोंड झाकलं की ते तुला आपल्यातलीच समजतात आणि सोडून देतात. हे कळल्यावर मुखवटा तिचा झाला. त्यानंतर ती रडली नाही. म्हणून वेष तिला स्वतः करू द्या, जुना कोट, बाबांचा शर्ट, पुठ्ठ्याचा मुखवटा. इथे पूर्वी असंच करत, घरातले जुने कपडे आणि चेहऱ्याला काजळी.

आणि एक गंमत मला इथे येऊन कळली ती सांगते. आपल्याकडे चकवा लागतो ना, ओळखीच्या वाटेवर माणूस रात्रभर गोल गोल फिरत राहतो, तसाच्या तसा चकवा इथे आहे. त्याला स्ट्रे सॉड म्हणतात. शेतातल्या एका विशिष्ट गवताच्या ढेकळावर पाय पडला की वाट हरवते, समोर असलेलं फाटक सापडत नाही. उपाय असा की अंगातला कोट उलटा करून घालायचा. माझ्या आजोबांना डोंगरातल्या वाटेवर चकवा लागल्याची गोष्ट मी लहानपणी दहा वेळा ऐकलीय, आणि इथल्या आजींच्या वडिलांची गोष्ट ऐकताना मला वाटलं मी सावंतवाडीजवळच्या पडवीतच बसलेय. आता आम्ही दरवर्षी ३१ तारखेला दुपारी मुलांना घेऊन चालायला जातो, वाटेत कोणीतरी ओरडतं ‘सॉड!’, आणि सगळे भराभर कोट उलटे करतात. दोन्ही गोष्टी सांगा मुलांना. चकवा, मुंजा, वेशीवरचा देवचार हे त्यांच्या वाट्याला नाहीतर कधी येणार?

अंधार लवकर पडतो हे लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि ३१ तारखेला पाचच्या आधीच सूर्य मावळतो. लहान मुलं पाच-सहाच्या सुमाराला दारोदार फिरायला निघतात. ज्या घरी दिवा किंवा सजावट आहे तिथेच जायचं, बरोबर एक मोठं माणूस आणि टॉर्च. डब्लिनमध्ये जुनी आरोळी होती, ‘हेल्प द हॅलोविन पार्टी’, आणि तेव्हा पिशवीत सफरचंदं आणि शेंगा पडत. शेंगा म्हणजे खरोखर आपल्या भुईमुगाच्या शेंगा! मंकी नट्स म्हणतात त्यांना, ऑक्टोबरात दुकानात पोती लागतात. मी भाजलेल्या शेंगा आणि संत्री देते, मात्र शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का हे आधी विचारून. आणि तुमच्या मुलांच्या पिशवीतली मऊ रबरासारखी गोळ्या-चॉकलेटं तपासा, बऱ्याच गोळ्यांत प्राण्यांचं जिलेटिन असतं. मी घरी साध्या चॉकलेटचा डबा ठेवते आणि अदलाबदल करते.

परत आल्यावर घरातले खेळ. दोरीला सफरचंद टांगून हात पाठीमागे बांधून चावा घ्यायचा, याला स्नॅप ॲपल म्हणतात. आयरिश चित्रकार डॅनियल मॅक्लिजने १८३३ साली या खेळाच्या रात्रीचं मोठं चित्र काढलंय, ते मुलांना दाखवा, चित्रात सगळं गाव एका खोलीत आहे. परातीत पाणी भरून तळाशी नाणी टाकायची आणि तोंडाने काढायची, हाही एक. सफरचंदाची साल न तोडता एकसंध काढून खांद्यावरून मागे फेकायची, जे अक्षर पडेल ते होणाऱ्या जोडीदाराचं. आमच्याकडे देवनागरी अक्षरं चालतात, त्यामुळे साल बहुतेक वेळा ‘ळ’ किंवा ‘ट’ पडते आणि खूप वाद होतो. डोळे बांधून बशा निवडायचाही खेळ आहे: पाणी म्हणजे परदेश, अंगठी म्हणजे लग्न, माती म्हणजे मरण. मातीची बशी मी ठेवत नाही.

फटाक्यांबद्दल मात्र नीट ऐका, कारण दिवाळी याच दिवसांत येते. आयर्लंडमध्ये सर्वसामान्य माणसाला बाण-भुईनळे-सुतळी बाळगणं आणि उडवणं बेकायदेशीर आहे, दंड जबर आहे. फुलबाज्या चालतात. त्या रात्री आजूबाजूला चोरून आणलेले फटाके वाजतील, मोकळ्या जागेत टायर-लाकडं जाळतील, तिकडे मुलांना नेऊ नका. २०२४ साली नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली होती. पहाटे उटणं लावून अंघोळी केल्या, कारीट इथे कुठून मिळायचं, म्हणून मुलांनी अंगणात पडलेलं रानसफरचंद टाचेखाली फोडलं, आणि संध्याकाळी पणत्यांच्या ओळीत दोन टर्निप ठेवले. इतका सुंदर उंबरठा आमच्या घराला पुन्हा कधी दिसला नाही.

बाहेर जायचं तर तुम्ही अगदी मध्यभागी आहात. ॲथबॉयजवळच्या हिल ऑफ वॉर्डवर साउइनचा अग्नी पेटवत असं जुन्या ग्रंथांत लिहिलंय, आणि २०१९ पासून ॲथबॉय आणि ट्रिममध्ये पूका नावाचा उत्सव भरतो. पूका म्हणजे रूपं बदलणारं इथलं एक भूत. ताराच्या टेकडीवर पाच हजार वर्षांपूर्वीची एक समाधी आहे, साउइनच्या सुमाराला उगवतीचं ऊन तिच्या आतल्या वाटेत शिरतं. पहाटे थर्मासमध्ये चहा घेऊन जा. डेरी शहरातला हॅलोविन फार मोठा असतो, पण डेरी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत आहे. वाटेत कुणी अडवत नाही म्हणून लोक जातात, तरी भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा लागतोच. तो नसेल तर जाऊ नका.

दहा वर्षांच्या मुलासाठी एक खास काम आहे. १९३७ ते १९३९ या काळात इथल्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या मुलांनी आपल्या आजी-आजोबांकडून गोष्टी, रीती, उपाय विचारून वह्यांत लिहून काढले. ती सगळी पानं ‘दूखस’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात आणि गावाच्या नावाने शोधता येतात. तुमच्या गावातल्या त्याच्याच वयाच्या मुलाने नव्वद वर्षांपूर्वी हॅलोविनबद्दल काय लिहिलं ते त्याला शोधू द्या. मग त्याला वही द्या आणि भारतात फोन लावून द्या. आमच्या मुलाने माझ्या आईकडून तीन रात्री भुतांच्या गोष्टी लिहून घेतल्या, त्यातल्या दोन मलाही माहीत नव्हत्या.

शेवटी झोपायच्या आधी जुन्या घरी चुलीजवळ एक खुर्ची रिकामी ठेवत, थोडं खाणं ठेवत, दाराला कडी घालत नसत. घरातली गेलेली माणसं येऊन ऊब घेऊन जावीत म्हणून. काही घरी हे २ नोव्हेंबरच्या रात्री करत, प्रत्येकाच्या नावाची एक मेणबत्ती लावून. पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट बघणाऱ्या घरातून आलेल्या मला यात परकं काहीच वाटलं नाही. आम्ही दाराला कडी घालतो, पण खुर्ची ठेवतो. कोलकॅननची वाटी, ब्रॅकचा काप, आणि माझ्या सासऱ्यांना आवडायच्या म्हणून मूठभर शेंगा. गेल्या वर्षीपासून शेजारच्या आजींसाठीही एक कप चहा ठेवतो, बिनसाखरेचा.

आणि ३१ तारखेच्या आत कुंपणावरची ब्लॅकबेरी तोडून घ्या. त्या रात्री पूका येऊन उरलेल्या फळांवर थुंकतो, नंतर इथे कुणी ती खात नाही.