वाड्यातलं न्हाणीघर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

यादोगोपाळ पेठेत आमचा जुना वाडा आहे. संडास आणि न्हाणी परसात. आईचे गुडघे गेलेत, रात्री जिना उतरवत नाही. माडीवर बाथरूम काढायचं म्हटलं तर कंत्राटदार म्हणतो, कडीपाटावर (लाकडी तुळया-फळ्यांच्या मजल्यावर) फूटभर कोबा करून वर टाइल्स बसवू. चालेल का? (सातारा)

नाही. हा कोबा करू देऊ नका. फूटभर जाडीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा चौरस फुटाला साधारण ५० किलो भरतो. म्हणजे पाच बाय सहाच्या बाथरूमला दीड टन, आणि वर टाइल्स, कमोड, भरलेल्या बादल्या वेगळ्याच. तुमच्या तुळया एवढ्यासाठी घातलेल्या नाहीत.

वजनापेक्षाही मला धास्ती आहे ती पाण्याची. कोब्याला आज ना उद्या केसाएवढी चीर जाते. पाणी आत मुरत राहतं, खालच्या सागवानाला वारा लागत नाही आणि छताला ओल दिसेपर्यंत तुळईचं टोक कुजलेलं असतं. कूज नेहमी तिथेच सुरू होते, भिंतीत शिरलेल्या टोकाला. त्यामुळे काहीही ठरवण्याआधी त्या ठिकाणी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. निरोगी सागवानात तो जेमतेम रुततो. अर्धा इंच सहज आत गेला आणि ओलसर भुसा निघाला, तर बाथरूम बाजूला ठेवा, आधी वाड्याची कामं केलेला सुतार बोलवा.

सोपा उपाय म्हणजे आईंचं झोपणं तळमजल्यावर आणणं. ते जमणार नसेल तर मागच्या भिंतीलगत, स्वतःच्या पायावर उभा असा लोखंडी सांगाडा करून माडीच्या पातळीला बाथरूम काढा. वाड्याचा आधार नको, वाड्यावर भार नको. मागच्या खिडकीचं दार करून तिथून जायची वाट काढता येईल. सगळे पाइप बाहेरून, उघडे ठेवा. गळती लागली की त्याच दिवशी दिसते. कमोडच्या ४ इंची पाइपला दर ४० इंचांना एक इंच उतार हवा. बांधकाम नवं असल्याने नगरपालिकेची परवानगी मात्र घ्यावी लागेल. खर्च कोब्यापेक्षा जास्त येईल, तरी मी हेच करायला सांगेन.

तळमजल्यावरच्या न्हाणीच्या भिंतीला दर पावसाळ्यानंतर लोणा लागतो, प्लास्टर फुगून पडतं. दोनदा सिमेंटचं प्लास्टर केलं. आता थेट छतापर्यंत टाइल्स लावाव्यात का? (वाई, मधली आळी)

टाइल्स लावल्या तर ओल झाकली जाईल, जाणार नाही. तुमच्या भिंती माती-चुन्यातल्या आहेत. जमिनीतून चढलेली ओल त्या अंगावरून बाहेर सोडतात. सिमेंटने ती वाट बंद केली की पाणी वर चढतं आणि क्षार प्लास्टरच्या मागे साठून त्याला ढकलून देतात.

सिमेंट हलक्या हाताने पूर्ण काढा आणि भिंत एक उन्हाळाभर उघडी राहू द्या. मग चुन्याचा गिलावा करा, वरून चुन्याचीच सफेदी. प्लास्टिक पेंट नको. अंघोळीच्या कोपऱ्यात टाइल्स हव्याच असतील तर जुन्या भिंतीपासून दोन इंच सोडून सिमेंट बोर्डची वेगळी पातळ भिंत उभी करा आणि मागच्या पोकळीला वर-खाली हवेसाठी फटी ठेवा. फरशी शहाबादी असेल तर काढू नका. सांधे नीट भरून घ्या आणि मोरीकडे पाच फुटांत सहा सूत (पाऊण इंच) उतार आहे ना, तेवढं तपासा.

आमचं घर गावभागात. २०१९ च्या पुरात पाणी अंगणात यायच्या आधीच संडासातून वर आलं. आता बाथरूम नवं करतोय, काय काळजी घ्यावी? (सांगली)

नदी चढली की ड्रेनेज उलटं वाहतं. घराबाहेरच्या चेंबरनंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप) बसवा आणि दर मे महिन्यात उघडून साफ करा. त्यात कचरा अडकला की झडप मिटत नाही. पूर ऐन भरात असताना व्हॉल्व बंद राहतो, तेव्हा घरातलं पाणीही बाहेर जाणार नाही. त्या दिवसांत बाथरूम वापरू नका. गीझरची जोडणी आणि स्विचबोर्ड तुमच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण असेल तिच्या वर घ्या. दार लाकडाचं नको, ॲल्युमिनियमचं किंवा पीव्हीसीचं चालेल. पूर ओसरल्यावर भिंती पूर्ण सुकल्याशिवाय कसलंही प्लास्टर करू नका.

जुन्या न्हाणीला खिडकी नाही, दार बंद केलं की आत अंधार. तांब्याचा बंब काढून तिथे गॅस गीझर लावायचा विचार आहे. (सातारा)

आत लावू नका. गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत अंघोळ करणारा माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. असे मृत्यू झालेले आहेत. गीझर मोकळ्या हवेत, बाहेरच्या भिंतीवर बसवून फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणा. विजेचा घेणार असाल तर अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आधी बसवून घ्या. मातीच्या भिंतीत खिळा-फास्टनर धरत नाही, म्हणून भरलेल्या गीझरचं वजन जमिनीवर टेकलेल्या लोखंडी स्टँडवर घ्या. आणि काहीही निवडलंत तरी न्हाणीला हवेसाठी एक झरोका पाडा.