मत्स्यपालनाच्या आधी पॉलिसी परत करा

गुहागर तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. वय ५६ वर्षे. रसायन कारखान्यातील नोकरीतून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली असून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तीची भरपाई मिळून ३८ लाख रुपये सात आठवड्यांपूर्वी त्यांच्या खात्यात जमा झाले. पत्नी गृहिणी आहे, मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि घरखर्च महिन्याला ३० हजार आहे. आंब्याची कलमे कराराने दिली आहेत, त्यांचे वर्षाला ७० हजार येतात. आता घराशेजारी चिलापी (तिलापिया) माशांच्या दहा बायोफ्लॉक टाक्या, म्हणजे सतत हवा सोडून आणि जिवाणूंच्या मदतीने थोड्या पाण्यात दाटीने मासे वाढवण्याच्या टाक्या, बसवायच्या आहेत. एक कंपनी १२ लाखांत टाक्या, बीज, पहिले खाद्य आणि प्रशिक्षण देते व तयार मासा १६० रुपये किलोने परत घेण्याचा करार करते. त्यांचा प्रश्न एवढाच आहे, की हे १२ लाख ठेवीतून घालावेत की बँकेचे कर्ज काढावे.

पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे: ‘निवृत्तीची सोय बँकेतील अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने केली आहे, वर्षाला ४ लाख दहा वर्षे भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर ६७ लाख हमीने मिळणार, पहिला हप्ता भरला, पुढचे मत्स्यव्यवसायाच्या नफ्यातून जातील.’ या विमा पॉलिसीचे कागद हाती येऊन सोळा दिवस झाले आहेत.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते: या टाक्यांसाठी ठेवही मोडू नका आणि कर्जही काढू नका. त्याची कारणे पुढे देतो. त्याआधी पॉलिसीविषयी लिहिणे भाग आहे, कारण टाक्यांचा निर्णय महिनाभर थांबू शकतो, पॉलिसीचा थांबू शकत नाही. विमा नियामकाच्या नियमानुसार पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत, अटी मान्य नसल्याचे कळवून, ती परत करता येते. यालाच फ्री-लूक कालावधी म्हणतात. या मुदतीत पॉलिसी परत केली, तर तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा खर्च, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क वजा होऊन बाकी सगळा हप्ता परत मिळतो. तुमच्या हाती चौदा दिवस आहेत. मुदत टळल्यावर बाहेर पडायचे झाले, तर भरलेल्या रकमेचा मोठा भाग सोडून द्यावा लागेल.

परत का करायची, याचा हिशेब सोपा आहे. दहा वर्षांत ४० लाख भरून पंधराव्या वर्षाअखेर ६७ लाख मिळणे म्हणजे दरसाल सुमारे ५ टक्के परतावा. ज्या बँकेने ही पॉलिसी तुम्हाला विकली, त्या बँकेच्या साध्या मुदत ठेवीवरही सध्या याहून अधिक व्याज मिळते. रक्कम करमुक्त असल्याचे तुम्हाला आवर्जून सांगितले गेले. परंतु निवृत्तीनंतर तुमचे उत्पन्न कर लागण्याइतके उरलेलेच नाही, त्यामुळे त्या सवलतीचे मोल तुमच्यासाठी शून्य आहे. विमा संरक्षण ४० लाखांचे आहे हे खरे, पण आयुर्विमा कमावत्या माणसाच्या उत्पन्नाचा उतरवायचा असतो, आणि तुमचे नोकरीचे उत्पन्न थांबले आहे. तुमच्या पश्चात कुटुंबाला आधार देणारी गोष्ट म्हणजे हे ३८ लाख. ते शाबूत राहतील हे पाहणे हाच तुमच्या घरचा विमा आहे.

परताव्याच्या दराहून मोठा दोष वेगळाच आहे. ज्याला दरमहा पगार येतो, त्याला दहा वर्षांच्या हप्त्यांचे उत्पादन देणे एक वेळ समजू शकते. ज्याचा पगार नुकताच बंद झाला आहे, त्याच्या गळ्यात वर्षाला ४ लाखांची बांधिलकी घालणे ही सरळ फसवणूक आहे, आणि मला त्याचा मनापासून संताप येतो. तुम्ही पाठवलेल्या प्रस्तावपत्राच्या प्रतीत तुमचा व्यवसाय ‘नोकरी’ आणि वार्षिक उत्पन्न ९ लाख लिहिले आहे. सही तुमची आहे, मजकूर अधिकाऱ्याने भरलेला आहे. अशी चुकीची माहिती उद्या दाव्याच्या वेळी तुमच्याच कुटुंबाच्या विरोधात वापरली जाऊ शकते.

हे असेच पुढे चालू ठेवले तर काय होईल ते पाहा. ३८ लाखांतून ४ लाखांचा हप्ता आणि १२ लाखांच्या टाक्या गेल्या की २२ लाख उरतात. घरखर्च ३ लाख ६० हजार आणि हप्ता ४ लाख, म्हणजे वर्षाला ७ लाख ६० हजार बाहेर जाणार. उरलेल्या रकमेवर ७ टक्के व्याज आणि आंब्याचे पैसे धरले, तरी टाक्यांतून काही सुटले नाही तर तिसऱ्या वर्षाअखेर तुमच्याकडे चार लाखांच्या आसपास शिल्लक असेल आणि सहा हप्ते भरायचे बाकी असतील. तुमचे वय तेव्हा ५९ असेल. पूर्ण पैसा ज्या ६७ लाखांच्या आशेवर खर्ची पडला, ते मिळायला आणखी बारा वर्षे लागतील.

म्हणून याच आठवड्यात विमा कंपनीच्या शाखेत जा. बँकेतील अधिकाऱ्याकडे अर्ज देऊ नका, तो टेबलावर पडून राहील आणि मुदत निघून जाईल. ‘पॉलिसीच्या अटी मान्य नसल्याने फ्री-लूक कालावधीत परत करीत आहे’ असा लेखी अर्ज, मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला धनादेश द्या, तारखेसह शिक्क्याची पोच घ्या आणि हाच अर्ज कंपनीला ईमेलनेही पाठवा. त्यानंतर तुम्हाला फोन येतील, थोडे थांबण्याचा आग्रह होईल, हप्ता कमी करून देण्याची तयारी दाखवली जाईल. कशालाही होकार देऊ नका. टाळाटाळ झाली, तर नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि तरीही दाद मिळाली नाही तर विमा लोकपालांकडे जा.

दुसरी मुदतही चालू आहे आणि तिच्याविषयी तुम्हाला कोणी सांगितलेले दिसत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे, पण ५५ ते ६० या वयात स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांनाही ती खुली आहे. अट अशी, की निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडले पाहिजे आणि गुंतवणूक निवृत्तीच्या रकमेपेक्षा अधिक असता कामा नये. सध्याचा दर ८.२ टक्के आहे आणि व्याज दर तिमाहीला मिळते. तुमच्याकडे जेमतेम सहा आठवडे आहेत. कारखान्याकडून निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला लगेच मागून घ्या, कारण या वयात खाते उघडताना तो लागतो.

या योजनेत २५ लाख ठेवले की वर्षाला २ लाख ५ हजार, म्हणजे महिन्याकाठी १७ हजार येतात. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ७ लाख ठेवल्यास ७.४ टक्क्यांनी महिना सव्वाचार हजारांवर मिळतात. आंब्याचे महिन्याला पावणेसहा हजार धरले, की २७ हजार होतात. उरलेल्या ६ लाखांपैकी २ लाख मुलीच्या शेवटच्या वर्षासाठी, ३ लाख अडीअडचणीसाठी आणि ५० हजार आरोग्य विम्यासाठी बाजूला काढा. निवृत्तीबरोबर कारखान्याचे सामूहिक आरोग्य विमा संरक्षण संपले असणार आणि पत्रात त्याविषयी एक अक्षरही नाही. त्याच विमा कंपनीकडे सामूहिक पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे आधी विचारा, म्हणजे आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होण्याची वेळ कदाचित येणार नाही. कर्मचारी निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षीच सुरू करा. आधी मागितल्यास दर वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती जन्मभर राहते.

तरीही पहिली दोन वर्षे घरखर्चाला वर्षाला तीस-पस्तीस हजार कमी पडतील, आणि पुढे महागाई वाढेल तसे हे व्याजही अपुरे पडत जाईल. याचा अर्थ तुम्हाला उत्पन्नाचे आणखी एक साधन हवेच आहे, आणि मत्स्यपालनाचा विचार त्या दृष्टीने अजिबात चुकीचा नाही. चुकीचा आहे तो कंपनीने मांडलेला हिशेब.

कंपनी म्हणते, एका टाकीतून ४०० किलो, वर्षाला दोन काढण्या, १६० रुपये भाव, म्हणून पावणेतेरा लाखांची विक्री. चार मीटर व्यासाच्या टाकीत साधारण १५ हजार लिटर पाणी मावते. त्यात ४०० किलो मासा वाढवणे हे अमोनिया, नायट्राइट आणि प्राणवायू रोज मोजणाऱ्या, हात बसलेल्या माणसाचे काम आहे. नवशिक्याने २०० किलो धरावेत. दहा टाक्या, दोन काढण्या, मिळून ४ टन. एक किलो मासा व्हायला सुमारे दीड किलो खाद्य लागते, म्हणजे ६ टन खाद्य, ५० रुपये किलोने ३ लाख. बीज ५० हजार. हवेचे ब्लोअर दिवसरात्र चालवण्याची वीज आणि जनित्राचे डिझेल १ लाख १० हजार. गूळ, मीठ, जिवाणूंची औषधे ३० हजार. एकूण ४ लाख ९० हजार. परत खरेदीचा करार बाजूला ठेवून ११० रुपये भाव धरला, तर विक्री ४ लाख ४० हजार. स्वतःची मजुरी आणि टाक्यांची झीज न धरताही तोटाच आहे. उत्पादन दीडपट झाले, तरी जेमतेम हातातोंडाशी गाठ पडते. नफा दिसतो तो केवळ १६० रुपयांच्या भावामुळे, म्हणजे सगळा व्यवसाय त्या एका कराराच्या कागदावर उभा आहे.

तो कागद मी वाचला. मासा ५०० ग्रॅमच्या वर हवा, कंपनीच्या केंद्रावर जिवंत पोहोचवायला हवा आणि ‘बाजारातील परिस्थितीनुसार दरात बदल करण्याचा अधिकार’ कंपनीकडे आहे. माल परत घेण्याच्या आश्वासनावर महागडी पिल्ले विकण्याचे कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण २०१९ मध्ये सांगलीकडे उघडकीस आले, तेव्हा कर्ज काढून शेड बांधलेले शेतकरी कर्जासकट मागे उरले. अनुदानाविषयीही कंपनीने अर्धेच सांगितले आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना, म्हणजे अर्ज पत्नीच्या नावाने केल्यास, ६० टक्के अनुदान आहे, हे बरोबर. पण लहान बायोफ्लॉकसाठी सात टाक्यांचा प्रकल्प खर्च साडेसात लाख धरलेला आहे, त्याचे ६० टक्के साडेचार लाख होतात, १२ लाखांचे ७ लाख २० हजार होत नाहीत. शिवाय मंजुरीआधी केलेल्या कामावर अनुदानाची आशा धरू नये, आणि तुमच्या सातबाऱ्यावर चार भावंडांची नावे आहेत.

बायोफ्लॉकमध्ये हवा बंद पडली की मासे तासाभरात गुदमरू लागतात. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडील गावे किती दिवस अंधारात होती, हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक असेल. तुमची विहीर मे महिन्यात तळ गाठते, असे तुम्हीच लिहिले आहे. आणि गिऱ्हाइकाचा विचार करा: बांगडा, सुरमई, बोंबील खाणारे तुमचे गाव गोड्या पाण्याची चिलापी १६० रुपयांना घेईल का? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै समुद्रातील यांत्रिक मासेमारी बंद असते. ही बंदी सुरू झाल्यापासून आषाढी अमावास्येपर्यंतचे काही आठवडे हीच काय ती तुमची हक्काची बाजारपेठ, कारण श्रावण लागला की निम्म्या घरांत मासे शिजत नाहीत.

तुमच्याकडे कलमांच्या पाण्यासाठी बांधलेले २० बाय २० मीटरचे प्लास्टिक अस्तराचे शेततळे आहे. जांभ्याच्या कातळावर पाणी धरून ठेवणे हीच मोठी अडचण असते आणि ती तुमची आधीच सुटलेली आहे. वीस-तीस हजारांत तिथे कटला, रोहू आणि मृगळ यांची चारशेएक बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडा, वर्षभर वजनाच्या, खाद्याच्या आणि मरतुकीच्या नोंदी ठेवा आणि मासा स्वतः विकून पाहा. रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात किंवा झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात आधी जाऊन पाण्याविषयी विचारून घ्या. कलमे ज्याला दिली आहेत, त्याच्याशी फवारणीविषयी लेखी बोलणे करा. तुडतुड्यांसाठी वापरली जाणारी सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशांना फार थोड्या प्रमाणातही मारक ठरतात आणि मोहोराच्या दिवसांत वाऱ्याबरोबर ती तळ्यात येणारच. या एका तळ्यातून नफा झाला नाही तरी चालेल. पुढच्या वर्षी वाढवायचे ठरले, तर खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्ड मत्स्यपालकांनाही मिळते. त्यात २ लाखांपर्यंतचे कर्ज ७ टक्क्यांनी आणि वेळेत फेडल्यास ४ टक्क्यांनी पडते. १२ लाखांच्या कर्जाचा विषय त्याआधी काढू नका.

टाक्यांच्या कंपनीला तुम्ही २५ हजार रुपये आगाऊ दिले आहेत, ते लेखी मागा. परत मिळाले नाहीत, तर ते गेले असे समजून पुढे चला, आणि ते वसूल व्हावेत म्हणून उरलेले पावणेबारा लाख कंपनीच्या हाती देऊ नका.