ब्रिटिश कॉमिक्सचे चाहते ‘जज ड्रेड’च्या दोन सिनेमांवरून अजून का भांडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2012 चा ‘ड्रेड’ पाहिला, फार आवडला, पण काहीजण अजून स्टॅलोनचा 1995 चा ‘जज ड्रेड’ उचलून धरतात, आणि मूळ कॉमिक वाचणारे दोन्हींवर काही ना काही कुरकुरतातच. मग कॉमिकशी प्रामाणिक कोणता?

(ड्रेड म्हणजे भविष्यातल्या एका अवाढव्य शहरातला पोलीस, न्यायाधीश आणि जल्लाद, सगळं एकातच.) उत्तर आधी सांगून टाकतो. 1995 वाल्यांना शहर सापडलं, माणूस हुकला. 2012 वाल्यांना माणूस सापडला, शहर हुकलं. आणि माझ्या मते ड्रेडचा सगळ्यात चांगला सिनेमा म्हणजे 1987 चा ‘रोबोकॉप’, ज्यात ड्रेड औषधालाही नाही.

आता मी कुठून बोलतोय ते. माझे मामा बोटीवर होते. ऐंशीच्या दशकात एकदा ते इंग्लंडहून आईसाठी चहाचा सेट घेऊन आले. प्रत्येक कप एकेका कागदात गुंडाळलेला. आईनं कप काढून घेतले, मी कागद. रद्दीच्या दर्जाचा पिवळट कागद, बहुतेक पानं काळीपांढरी, मधली दोन तेवढी रंगीत, आणि त्यावर हेल्मेट घातलेला, तोंड वाकडं केलेला एक पोलीस. “मामा, अजून आहेत का असे?” तर म्हणाले, “अरे, खलाशी वाचून फेकून देतात ते. पुढच्या वेळी आणतो गठ्ठा.” आणलाही. पण अंक सलग नव्हते. त्यामुळे ‘अपोकॅलिप्स वॉर’ ही 1982 ची लांबलचक युद्धकथा मी शेवटाशिवाय वाचली. शत्रूनं ड्रेडचं शहर अणुबाँबनं अर्धं भाजून काढलंय, ड्रेड मूठभर माणसं घेऊन शत्रूच्या मुलखात घुसतोय, इथं माझे अंक संपले. पुढची कितीतरी वर्षं मी धरून चाललो होतो की ड्रेडनं युद्ध थांबवलं असणार. हिरो आहे ना.

तो शेवट वाचला तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. ड्रेड शत्रूचाच क्षेपणास्त्रांचा तळ ताब्यात घेतो. समोरचा गयावया करतो, आमच्या शहरात पन्नास कोटी माणसं आहेत, नुसतं बटण दाबून ती कशी पुसून टाकता येतील? ड्रेड बटण दाबतो. युद्ध संपतं.

तुमच्या प्रश्नाचं मूळ इथंच आहे. मुलांच्या साप्ताहिकातल्या ‘नायका’नं पन्नास कोटी माणसं मारली आणि पुढच्या आठवड्यात तो परत कामावर हजर. त्याचा जयजयकार करायचा की हादरायचं, हे लेखक जॉन वॅग्नर कधीच सांगत नाही. सिनेमाला मात्र दोन तासांत ते ठरवावं लागतं. गाडी तिथं अडते.

थोडी पार्श्वभूमी. ड्रेड ज्यात छापून येतो ते ‘2000 एडी’ हे साप्ताहिक फेब्रुवारी 1977 मध्ये लंडनला सुरू झालं. ड्रेड आला दुसऱ्या अंकात. (चाहते अंकाला ‘प्रॉग’ म्हणतात, आणि संपादक म्हणे परग्रहावरून आलेला थार्ग नावाचा हिरवा गृहस्थ आहे. ही थट्टा आजतागायत चालू आहे.) त्याच्या आदल्याच वर्षी त्याच प्रकाशनाचं ‘अ‍ॅक्शन’ नावाचं कॉमिक हिंसाचारावरून इतकं बदनाम झालं की बाजारातून मागे घ्यावं लागलं. लेखक-संपादक पॅट मिल्स दोन्हींच्या मुळाशी होता. मला नेहमी वाटतं, ड्रेड हे त्या बोंबाबोंबीला दिलेलं खवचट उत्तर आहे. हिंसा चालत नाही म्हणता? घ्या, आता हिंसा करणारा स्वतः कायदाच आहे, न्यायाधीश आणि जल्लाद एकाच गणवेशात, आणि गोष्ट घडते भविष्यात. करा तक्रार! शिव्यासुद्धा छापता येत नव्हत्या, म्हणून ‘ड्रॉक’ आणि ‘ग्रड’ असे नवे शब्द पाडले.

त्याचं रूप घडवलं स्पॅनिश चित्रकार कार्लोस एझकेरा यानं. खांद्यावरचा तो अवजड गरुड, पट्टे, साखळ्या. फ्रँकोच्या हुकूमशाहीत लहानाचा मोठा झालेल्या माणसाच्या हातून पोलिसाचा गणवेश असा उतरला, यात मला काही नवल वाटत नाही.

आणि शहर. मेगा-सिटी वनमध्ये काम सगळं यंत्रं करतात, माणसं बहुतेक बेकार. मग वेळ घालवायचा कसा? कुणी इतकं खातं की पोट ठेवायला खाली चाक लावावं लागतं. कुणी पैसे मोजून कुरूप होऊन घेतं. शेजारशेजारच्या इमारती एकमेकींवर बंदुका घेऊन उठतात. साखर बेकायदा, कॉफी बेकायदा. एकदा तर ओरांगउटान महापौर म्हणून निवडून येतो, आणि कारभार काही वाईट करत नाही. हे सगळं पाच-सहा पानांत, दर आठवड्याला. ड्रेड त्या विनोदातला न हसणारा माणूस आहे. तो हसला की विनोद मेला.

आता 1995. दिग्दर्शक डॅनी कॅनन स्वतः इंग्रज आणि या कॉमिकचा चाहता. ते पडद्यावर दिसतं. उभ्या थरांचं, निऑननं लदलेलं शहर, ओसाड ‘शापित भूमी’तलं नरभक्षक एंजल कुटुंब, कपाळावर डायल असलेला मीन मशीन, शिवाय दुसऱ्याच मालिकेतून उचललेला एक गंजका लढाऊ रोबो. रोबो खराखुरा बांधलेला, संगणकातला नव्हे, आणि आजही तो पाहून मी हरखतो. पण स्टॅलोन अर्ध्या तासाच्या आतबाहेर हेल्मेट काढतो आणि मग शेवटपर्यंत जवळपास उघड्या डोक्यानंच फिरतो. गणवेशावर व्हर्साचीचा सोनेरी मुलामा, सोबतीला बडबड करून हसवायला ठेवलेला रॉब श्नायडर, आणि शेवटी चुंबन. ड्रेडचं चुंबन! शेजारच्या काकांनी गणपतीच्या मिरवणुकीत ब्रेकडान्स करावा तसं अंगावर येतं ते.

लोक हेल्मेटवर अडतात, पण हेल्मेट हे निमित्त. कॉमिकमध्ये ड्रेडचा चेहरा कधी दाखवत नाहीत, कारण कायद्याला चेहरा नसतो. सिनेमात हेल्मेट काढलं, कारण स्टारचा चेहरा झाकायला पैसे दिलेले नसतात. बरं, काढलं ते काढलं; खरी गफलत कथेची. ड्रेडवर खोटा आळ, हद्दपारी, मग परत येऊन बदला. म्हणजे व्यवस्थेनं नायकावर अन्याय केला. अहो, ड्रेड हीच व्यवस्था आहे! अन्याय तो करतो, नियमात राहून. त्याला बिचारा करून टाकला की उरतो तो कुठलाही अ‍ॅक्शन सिनेमा.

2012 च्या वेळी ही चूक टाळायचीच असं ठरवून लोक कामाला लागले होते. पटकथा अ‍ॅलेक्स गार्लंडची. दिग्दर्शक म्हणून नाव पीट ट्रॅव्हिसचं असलं तरी खरं दिग्दर्शनही गार्लंडनंच केलं, असं ड्रेडची भूमिका करणाऱ्या कार्ल अर्बननं पुढे उघड सांगितलं. वॅग्नरचा सल्ला घेतला होता आणि त्याला सिनेमा आवडलाही. अर्बन शेवटच्या फ्रेमपर्यंत हेल्मेट काढत नाही. नुसत्या हनुवटीवर आणि खर्जातल्या आवाजावर सिनेमा ओढून नेतो. हेल्मेट न काढता नट म्हणून लक्षात राहणं किती अवघड आहे! आणि ड्रेड बदलतो तेही अगदी कणभर. नापास करायच्या उमेदवार अँडरसनला तो शेवटी पास करतो, बस्स. कॉमिकमध्ये तो असाच बदलतो, फक्त तिथं त्याला दशकं लागतात. तिथं बाहेर एक वर्ष सरलं की आतही एक वर्ष सरतं, त्यामुळे ड्रेडनं सत्तरी कधीच ओलांडलीय. आपल्या इंद्रजालमधल्या वेताळाचा बाप जातो, मुलगा येतो, पण चित्रात सगळे एकाच वयाचे. ड्रेडला ती सवलत नाही.

मग तक्रार काय? शहर. चित्रीकरण झालं दक्षिण आफ्रिकेत, बजेट बेताचं, त्यामुळे बाहेरचं शहर म्हणजे आजचंच एक शहर, मधूनमधून उंच ठोकळे खोवलेलं. बहुतेक कथा एका दोनशे मजली इमारतीतच घडते. चुस्त, घामट, उत्तम थरारपट. पण इथं कुणी पोटाला चाक लावून फिरत नाही. सगळे फक्त गरीब आणि गुंड. मेगा-सिटी वन भीषण आहे ते गुन्ह्यांमुळे कमी आणि मूर्खपणामुळे जास्त, ते इथं पुसलं गेलं.

एक प्रसंग मात्र अस्सल ‘2000 एडी’ आहे, आणि तुमच्या नजरेतून निसटला असेल तर परत पाहा. इमारतीच्या दाराशी एक भिकारी बसलेला असतो. ड्रेड आत जाताना त्याला बजावतो की भीक मागायला इतके आठवडे कोठडी, मी परत येईन तेव्हा इथं दिसू नकोस. पुढे इमारत सीलबंद करायला ते अजस्र पोलादी दार खाली येतं आणि तो भिकारी त्याखाली चिरडतो. ड्रेड परत येतो तेव्हा तो तिथं नसतोच. आज्ञेचं पालन झालं. दहा-पंधरा सेकंदांचा मामला, कुणी त्यावर हसत नाही, रडत नाही. असे आणखी दहा प्रसंग असते तर मी इथं कुरकुरलो नसतो.

‘रोबोकॉप’ म्हणूनच. त्याच्या लेखकांवर ड्रेडचा प्रभाव होता हे आता गुपित राहिलेलं नाही. नुसतं हेल्मेट आणि हनुवटी बघा. पण घेतलं ते त्याहून खोल. बातम्यांच्या मध्ये येणाऱ्या त्या जाहिराती आठवा: आख्खं कुटुंब जेवणाच्या टेबलावर अणुयुद्धाचा खेळ खेळतंय. दिग्दर्शक पॉल व्हरहोवन डच, जागा डेट्रॉइट, पण विनोदाची जात वॅग्नरची. गंमत अशी की यामुळे 1995 मध्ये खरा ड्रेड आला तेव्हा लोकांना तो कशाची तरी नक्कल वाटला.

बाकीच्या ब्रिटिश कॉमिक्सचं नशीबही साधारण असंच. 1990 चा ‘हार्डवेअर’ पाहताना वाचकांच्या लक्षात आलं की ही तर ड्रेडच्या वार्षिक अंकातली छोटी कथा. प्रकरण वकिलांपर्यंत गेलं आणि नंतरच्या प्रतींवर श्रेय आलं. ‘टँक गर्ल’ 1995 मध्येच आपटला, तरी मला आवडतो. तुटक, आचरट, अगदी कॉमिकसारखा. ‘व्ही फॉर व्हेन्डेटा’ जगभर गाजला, मुखवटा मोर्च्यांमध्ये पोहोचला, पण मूळ लेखक अ‍ॅलन मूरनं आपलं नाव त्यातून काढून घेतलं. त्याची मूळ कथा अराजकवाद विरुद्ध फॅसिझम अशी होती, आणि दोन्ही बाजूंनी अंगावर येणारी. सिनेमानं नायक व्हीला बराच गोड केला. पुन्हा तोच प्रकार बघा: वाचकाला जिथं अवघडून बसवायचं, तिथं प्रेक्षकाला टाळी द्यायची.

तर भांडण यासाठी. 2012 च्या ‘ड्रेड’नं जगभर मिळून चार कोटी डॉलरच्या आसपास गल्ला केला, म्हणजे तोट्यातच. डीव्हीडी मात्र जोरात खपल्या, दुसऱ्या भागासाठी सह्यांच्या मोहिमा झाल्या, आणि तो भाग आलाच नाही. त्यामुळे आमच्यासारख्यांना त्यावर टीका करताना जीभ जरा जड होते; आजारी माणसाच्या स्वयंपाकाला नावं ठेवल्यासारखं वाटतं. 1995 वाल्यावर मनसोक्त हसता येतं. मला विचाराल तर आता सिनेमाचा नाद सोडून अर्ध्या-अर्ध्या तासाची मालिका करावी, ज्यात निम्म्या भागांत ड्रेड दोनच मिनिटं येईल आणि कुणाला तरी कोठडीत टाकून जाईल.

कॉमिक वाचायचं असेल तर पहिल्या अंकापासून सुरू करू नका, सुरुवातीचा ड्रेड अजून कच्चा आहे. ‘कम्प्लीट केस फाइल्स’ या ड्रेडकथांच्या संग्रहाचा पाचवा खंड घ्या. ‘अपोकॅलिप्स वॉर’ त्यात अख्खी आहे, शेवटासकट. त्यानंतर ‘अमेरिका’. वॅग्नरची 1990 ची कथा, चित्रं कॉलिन मॅकनीलची. ड्रेड त्यात मोजून काही पानं आहे, आणि तेवढ्यात तुम्हाला तो नकोसा होईल.