गेमिंगच्या बातम्या, नोकरीची काळजी आणि पुढचं एक वर्ष

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. गणित चांगलं आहे, चित्रंही बरी काढते. गेमिंगच्या बातम्या ती रोज वाचते आणि तिला गेम बनवण्याच्या क्षेत्रातच जायचं आहे. ती छोट्या टीमच्या यशाच्या बातम्या दाखवते, तिचे बाबा नोकरकपातीच्या. एक खासगी संस्था दोन वर्षांचा गेम डिझाइन डिप्लोमा देते. तो घ्यावा की कॉम्प्युटरची पदवी? एआय आल्यावर हे काम उरेल का? आणि महागडा कॉम्प्युटर आत्ताच घ्यावा लागेल का? – एक आई

उत्तर : नमस्कार. तुमच्या घरात दोन्ही बाजूंनी दाखवल्या जाणाऱ्या बातम्या खऱ्या आहेत. एपिक गेम्सनं सप्टेंबर २०२३ मध्ये सुमारे ८३० जणांना काढलं. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग विभागातून १,९०० आणि गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर देणाऱ्या युनिटी कंपनीतून सुमारे १,८०० लोक गेले, आणि पुढच्याच महिन्यात सोनीच्या प्लेस्टेशन विभागातून ९००. दुसरीकडे, २०२५ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरलेला ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३’ हा सुमारे तीस जणांच्या टीमचा. ‘बलात्रो’ तर मुख्यतः एकाच माणसानं बनवलेला, आणि वर्ष पूर्ण व्हायच्या आत त्याच्या ५० लाख प्रती खपल्या.

वाद बातम्या खऱ्या की खोट्या यावर नाही. या बातम्या खेळणाऱ्यासाठी लिहिलेल्या असतात. तुमच्या मुलीला त्या काम शोधणाऱ्याच्या नजरेनं वाचायला शिकायचं आहे: या गेमवर कोणकोणती कामं झाली, पैसा कोणाचा होता आणि काम थांबलं ते कशामुळे?

कपातीपासून सुरुवात करू. साथीच्या काळात लोक घरी होते, गेमची मागणी वाढली, कर्ज स्वस्त होतं. कंपन्यांनी भराभर भरती केली आणि एकमेकींना विकतही घेतलं. मग लोक बाहेर पडले, व्याजदर चढले आणि गेम बनवायला मात्र चार-सहा वर्षं लागतच राहिली. मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ६८.७ अब्ज डॉलरना घेतली आणि तीन महिन्यांत ती १,९०० जणांची कपात आली. दोन कंपन्या एक झाल्या की काही कामं दोनदा होतात, तिथली माणसं आधी जातात. दुसरं कारण म्हणजे अर्ध्यात रद्द होणारे प्रकल्प. मोठ्या स्टुडिओत शंभर-दोनशे माणसं एकाच गेमवर असतात. तो रद्द झाला तर पुढचा गेम तयार नसतो, त्यामुळे उत्तम काम करणाराही घरी बसतो.

सोनीच्या ‘कॉनकॉर्ड’ या ऑनलाइन गोळीबाराच्या गेमचं उदाहरण तिला नीट अभ्यासायला सांगा. २३ ऑगस्ट २०२४ ला गेम आला, ६ सप्टेंबरला बंद केला, ऑक्टोबरमध्ये स्टुडिओच बंद झाल्याचं जाहीर झालं. सतत चालू ठेवायच्या ऑनलाइन गेमला पहिल्या दिवसापासून गर्दी लागते. खेळाडू कमी असले की सामना जुळायला वेळ लागतो, थांबलेला खेळाडू निघून जातो आणि मागे राहिलेल्याला आणखी थांबावं लागतं. त्यात हा गेम ४० डॉलरचा, आणि समोरचे कित्येक प्रतिस्पर्धी फुकट. आपला वेळ, मित्र आणि जमवलेल्या वस्तू जुन्या गेममध्ये अडकलेल्या असताना खेळाडू सहज हलत नाही. नोकरी निवडताना याचा थेट उपयोग आहे. एकाच ऑनलाइन गेमवर अवलंबून असलेला स्टुडिओ पगार चांगला देईलही, पण तिथे धोका जास्त असतो, आणि मुलाखतीतच ‘पुढचा प्रकल्प कोणता?’ हे विचारायला हवं.

आता तिच्या बाजूच्या बातम्या. ‘एक्सपिडिशन ३३’चा ‘तीस जण’ हा आकडा मुख्य टीमचा आहे. शेवटची श्रेयनामावली पाहिली तर बाहेरचे अ‍ॅनिमेटर, चाचणी करणारे, आवाज देणारे, भाषांतर करणारे, प्रकाशक असे कितीतरी लोक दिसतात. आवडत्या एका गेमची श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचून प्रत्येक पद म्हणजे काय काम हे तिनं वहीत लिहावं. पदांची नावं वाचतानाच पुष्कळ गोष्टी उलगडतात. आणि ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’सारख्या छोट्या टीमच्या गेमला घोषणेपासून (२०१९) विक्रीपर्यंत (सप्टेंबर २०२५) साडेसहा वर्षं लागली. ती परवडली कारण आधीचा गेम जोरात खपला होता. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून जास्त गेम आले, त्यातले बहुतेक कोणाच्या नजरेतही आले नाहीत. म्हणून पहिली काही वर्षं नोकरी आणि बाजूला स्वतःचा छोटा गेम, हा क्रम मला योग्य वाटतो. उलट क्रमानं जाऊ देऊ नका.

तिनं कोणतं सॉफ्टवेअर शिकावं, याचं उत्तरही एका बातमीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीनं गेम किती वेळा इन्स्टॉल झाला यावर शुल्क लावायचं जाहीर केलं. गेम बनवणारे भडकले, आणि वर्षभरानं ते शुल्क मागे घ्यावं लागलं. तोपर्यंत कित्येक जण गोदो या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळले होते, कारण ते मोफत आणि मुक्त परवान्याचं आहे. इंजिनं, म्हणजे गेम बनवण्याची ही सॉफ्टवेअरं, बदलतात, नियम बदलतात. न बदलणारी गोष्ट म्हणजे व्हेक्टरचं (दिशा आणि अंतराचं) गणित, दोन वस्तूंची टक्कर ओळखणं, स्टेट मशीन (पात्र उभं, धावतं की उडी मारतंय अशा स्थितींची मांडणी) आणि वेळेचा हिशेब.

वेळेचा हिशेब म्हणजे काय ते सांगतो, कारण नवशिक्यांचा गेम इथेच फसतो. फ्रेम म्हणजे पडद्यावर उमटणारं एक चित्र. ‘दर फ्रेमला पात्र पाच पिक्सेल पुढे’ असं लिहिलं तर सेकंदाला ६० फ्रेमच्या पडद्यावर ते सेकंदाला ३०० पिक्सेल जातं आणि १४४ फ्रेमच्या पडद्यावर ७२०. गेम एका मशीनवर नीट चालतो, दुसऱ्यावर सुसाट धावतो. वेग सेकंदाच्या हिशेबानं ठेवून मागच्या फ्रेमला लागलेल्या वेळेनं, म्हणजे डेल्टा टाइमनं, गुणायचा असतो. तसंच सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमचं सगळं काम १६.६७ मिलिसेकंदांत बसवावं लागतं, १२० साठी ८.३३ मध्ये. गोळीबाराच्या गेममध्ये दर गोळीला नवी वस्तू बनवून लगेच नष्ट केली की युनिटीसारख्या इंजिनात मेमरीची साफसफाई मधेच सुरू होते आणि चित्र झटका खातं. उपाय असा की पन्नास गोळ्या आधीच तयार ठेवून त्याच पुन्हा वापरायच्या. निन्टेंडो स्विच २ (५ जून २०२५) आल्यावर जुने गेम नव्या यंत्रावर बसवण्याचं काम निघालं, आणि त्यात नेमकं हेच लागतं. प्रोफायलर (कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते मोजणारं साधन) उघडून मिलिसेकंद कुठे जातात हे दाखवू शकणारा नवोदित मुलाखतीत उठून दिसतो.

एआयबद्दल तुमची काळजी रास्त आहे. स्टीमनं जानेवारी २०२४ पासून गेममध्ये एआय कुठे वापरलं हे जाहीर करायला लावलं. अमेरिकेतल्या आवाज-कलाकारांचा जुलै २०२४ मध्ये सुरू झालेला संप जवळपास वर्षभर चालला आणि त्यातला मुख्य मुद्दा आवाजाची व हालचालींची एआय नक्कल हाच होता. माझं मत स्पष्ट आहे: एकाच चित्राचे वीस पर्याय काढणं, साचेबद्ध कोड लिहिणं, तात्पुरते आवाज भरणं अशी जी कामं नवोदितांकडे यायची ती कमी होत आहेत. चालत्या गेममध्ये ती वस्तू बसवणं, ती का अडकते ते शोधणं, खेळाडूला कंटाळा कुठे येतो ते ओळखणं या कामांना माणूस लागतो. गणित आणि चित्र दोन्ही जमणाऱ्या मुलीनं टेक्निकल आर्टिस्ट या पदाचा गंभीरपणे विचार करावा. शेडर (वस्तूचा रंग आणि प्रकाश पडद्यावर कसा दिसेल ते ठरवणारा कोड) लिहिणं, पायथॉनमध्ये कलाकारांसाठी छोटी साधनं बनवणं, वस्तूंचं त्रिमितीय मॉडेल हलकं करणं हे ते काम. अशी माणसं सहज मिळत नाहीत. कामाच्या नमुन्यांत एआय वापरलं असेल तर तिनं ते कुठे वापरलं हे स्वतःहून लिहावं. लपवलेलं उघडं पडलं की बाकीच्या कामावरचाही विश्वास जातो.

आता पुढचं वर्ष. पहिले दोन महिने गोदोमध्ये पाँग (चेंडू टोलवण्याचा जुना गेम) आणि मग विटा फोडण्याचा गेम, पण दोन्ही पूर्ण: मेनू, विराम, आवाज कमी-जास्त करण्याची सोय, हार-जीत, पुन्हा सुरू. व्हिडिओ बघून जसाच्या तसा बनवलेला गेम कामाचा नाही. प्रत्येकात एक नियम तिनं स्वतः बदलावा. गिट (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) पहिल्या दिवसापासून वापरावं. इंजिन स्वतः तयार करतं ते फोल्डर (गोदोचं .गोदो, युनिटीचं लायब्ररी) त्यातून वगळावं, आणि १०० एमबीहून मोठी फाइल गिटहब (गिटचं काम ऑनलाइन ठेवण्याची साइट) घेत नाही, तिला एलएफएस ही मोठ्या फाइलींसाठीची सोय लागते. हे माहीत नसल्यामुळे ऐन वेळी पोरं रडकुंडीला येतात.

मग एक ४८ तासांचा गेम जॅम, म्हणजे ठरलेल्या वेळात गेम बनवण्याचा उपक्रम. तिथे अनोळखी लोकांबरोबर काम करणं आणि अर्ध्या कल्पना कापून टाकणं या दोन गोष्टी शिकायला मिळतात. बनलेला गेम इच डॉट आयओ या साइटवर ब्राउझरमध्ये खेळता येईल असा चढवावा, कारण मुलाखत घेणारा फाइल उतरवून घेत बसत नाही. पाच जणांना खेळायला द्यावा आणि तोंडातून एक शब्दही न काढता बघावं. ते जिथे अडकतात तिथे चूक गेमची आहे.

वर्षाच्या शेवटच्या सहा महिन्यांत एकच गेम: एक मुख्य कल्पना, पंधरा मिनिटांचा खेळ. ऑनलाइन अनेकांनी खेळायचा गेम किंवा प्रचंड मोकळं जग यांना हात लावू नये. नेटवर्कचा विलंब, दोन मशीनवर वेगळी दिसणारी स्थिती, फसवणूक, सर्व्हरचा खर्च हे सगळं पहिल्या ओळीपासून धरून कोड लिहावा लागतो, नंतर जोडता येत नाही. नवशिक्यांचे बहुतेक गेम इथेच कायमचे अर्धवट राहतात.

आणखी एक दार लोक उगाच कमी लेखतात ते चाचणीचं, म्हणजे क्यूएचं. इतरांच्या अपुऱ्या गेममधल्या चुका शोधून तिनं पाच अहवाल लिहावेत: कोणती आवृत्ती, कोणतं मशीन, नेमक्या पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं, दहापैकी किती वेळा झालं. ‘गेम बंद पडतो’ एवढं लिहून प्रोग्रामरला काहीच कळत नाही.

पदवी की डिप्लोमा? पदवी. कॉम्प्युटरची पदवी हाती असेल तर गेमच्या धंद्यात मंदी आली तरी सिम्युलेशन, अ‍ॅप, सर्व्हर अशा कामांकडे वळता येतं. दोन वर्षांचा डिप्लोमा अनेकदा एका सॉफ्टवेअरपुरता असतो. तरीही त्या संस्थेला जाऊन चार गोष्टी विचाराच. मागच्या दोन तुकड्यांतल्या कोणाचं नाव कोणत्या बाजारात आलेल्या गेममध्ये आहे? शिकवणाऱ्यांनी स्वतः गेम पूर्ण केलेत का? प्रोग्रामर आणि कलाकार एकत्र प्रकल्प करतात का? विद्यार्थ्यांच्या गेमची मालकी कोणाची? उत्तरात फक्त ‘शंभर टक्के नोकरी’ आणि चकचकीत प्रयोगशाळा दाखवली, तर पैसे भरू नका. कर्ज काढून तर नाहीच. वर्षभरात तिचा ओढा स्पष्टपणे चित्रांकडे दिसला तर कला किंवा अ‍ॅनिमेशनची पदवी घ्यायला मी हरकत घेणार नाही.

कॉम्प्युटर आत्ता घेऊ नका. गोदोमध्ये द्विमितीय गेम बनवायला घरातला साधा, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. मोठे त्रिमितीय गेम बनवायच्या अनरियल इंजिन ५ साठी ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड सुचवलं जातं, पण त्याची वेळ वर्षभरानं येईल. तेव्हा ती प्रोग्रामिंगकडे झुकली असेल तर चांगला प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीवर पैसे घाला. चित्रांकडे झुकली असेल तर ग्राफिक्स कार्ड आणि पेन टॅब्लेटवर.