भाऊबीजेच्या डब्यात मुलांच्या हातची नानकटाई

प्रश्न : माझी मुले पाच आणि नऊ वर्षांची आहेत. भाऊबीजेला आत्या, मामा आणि आजी-आजोबांना मुलांच्या हातची नानकटाई द्यावी, अशी इच्छा आहे. मात्र गेल्या दिवाळीत ती ओव्हनमध्ये पसरून चपटी झाली, दोन दिवसांत मऊ पडली आणि मुलेही निम्म्यातच कंटाळली. काय करावे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : नानकटाई पसरते ती बहुधा तुपामुळे. मुंबईत दिवाळीच्या सुमारास उकाडा असतो, तूप डब्यातच पातळ झालेले असते आणि अशा तुपात मळलेला गोळा भाजून घट्ट होण्याआधीच ट्रेमध्ये पसरतो. म्हणून थिजलेले, रवाळ तूपच घ्यावे. सव्वाशे ग्रॅम तूप आणि शंभर ग्रॅम पिठीसाखर हलकी, पांढरट होईपर्यंत फेसावी. मग दीडशे ग्रॅम मैदा, पन्नास ग्रॅम बेसन, पंचवीस ग्रॅम बारीक रवा, पाव चमचा खाण्याचा सोडा, वेलचीपूड आणि चिमूटभर मीठ त्यात हलक्या हाताने मिसळावे. सोडा याहून वाढवू नये, कारण त्यानेही नानकटाई पसरते. पीठ कोरडे वाटल्यास पाणी किंवा दूध न घालता चमचाभर तूपच घालावे. वळलेले गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसवर अठरा ते वीस मिनिटे भाजावेत. बाहेर काढल्यावर नानकटाई मऊच लागते; ती कच्ची समजून पुन्हा भाजू नये, गार होताना ती खुसखुशीत होते.

मुले कंटाळतात, कारण बहुतेक घरी त्यांना शेवटी फक्त पिस्ता लावायला बोलावले जाते. थोरल्याला वजनकाटा सोपवावा आणि प्रत्येक गोळा अठरा ग्रॅमचा करायला सांगावे. या प्रमाणात पंचवीसेक होतात. धाकट्याने पीठ चाळावे आणि गोळ्याच्या मधोमध अंगठ्याने दाबून खळगा करावा. तो खळगा वाकडा झाला तरी आपण सरळ करू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण आजीला तो अंगठा ओळखू येण्यातच या भेटीचे मोल आहे. कच्चे पीठ चाटू देऊ नये आणि तापलेला ट्रे मोठ्यांनीच हाताळावा. भाजणे एका दिवशी आणि डबे भरणे दुसऱ्या दिवशी ठेवल्यास मुलांचा उत्साह टिकतो.

पूर्वी आपल्याकडे घरचे साहित्य बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणण्याची पद्धत होती; घरी ओव्हन नसल्यास ओळखीच्या बेकरीत आजही विचारून पाहावे.

मऊ पडण्याचे कारण बहुतेक वेळा कोमट असतानाच डबा बंद करणे हे असते, कारण आतली वाफ नानकटाईत शिरते. ती जाळीवर पूर्ण गार होऊ द्यावी, मात्र रात्रभर उघडी ठेवू नये. नुसता कागदी खोका मुंबईच्या दमट हवेत पुरत नाही. घट्ट झाकणाचे छोटे डबे घ्यावेत. असे डबे आणि बटर पेपर क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात मिळतात, सजावटीचा कागद तिथूनच जवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर. लोकलच्या गर्दीतून नेताना नानकटाईचा भुगा होऊ नये म्हणून मधल्या फटींत बटर पेपरचे बोळे भरावेत.

डब्यावरची चिठ्ठी थोरल्याने लिहावी. तिच्यात भाजल्याची तारीख, साखर आणि पिस्त्याचा उल्लेख, तसेच ‘दोन आठवड्यांत संपवावी’ ही सूचना अवश्य असावी.