सज्जा, स्लॅब आणि सामाईक भिंत

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात आमचे लाकडी सज्ज्याचे दुमजली घर आहे. भिंतीला भिंत लागून एका ओळीत अशी चार घरे असून चारही वारसा यादीत तिसऱ्या श्रेणीत आहेत. सज्जा काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांची बंद बाल्कनी करावी, कवेलू उतरवून स्लॅब टाकावा आणि त्यावर मुलासाठी खोली बांधावी, असा आमचा अर्ज वारसा संवर्धन समितीच्या शेऱ्यासह परत आला. तिसऱ्या श्रेणीत सगळे चालते, असे कंत्राटदार म्हणतात. आता काय करावे?
— एक वाचक, महाल

उत्तर : कंत्राटदारांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. पहिल्या श्रेणीच्या वास्तूत मजबुतीकरणापलीकडे सहसा काही करता येत नाही, दुसऱ्या श्रेणीत आतले बदल करता येतात आणि तिसऱ्या श्रेणीत आतबाहेर दोन्हीकडे वाव असतो. मात्र ते बदल परिसराच्या रूपाला धरून असावे लागतात आणि त्यांना महापालिका आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, जी समितीचा सल्ला घेऊन दिली जाते. शिवाय चार सज्जे एका रेषेत असताना त्यातला एक काढला, तर उरलेल्या तिघांच्याही दर्शनी भागाला खिंडार पडते, हे समितीला विचारात घ्यावेच लागते.

सज्जा बंद करण्यामागे ऊन हे कारण असेल, तर उपाय उलटा पडेल. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा खालच्या भिंतीवर सावली धरतो तो हाच सज्जा. काचेच्या बंद बाल्कनीत मात्र उष्णता कोंडते. सज्जा कुजला असेल, तर आधी कूलर कोठे बसवला आहे ते पाहावे. महालातल्याच एका घरी सज्ज्यावरच्या कूलरचे पाणी वर्षानुवर्षे एकाच फळीवर ठिबकत होते. तेथे शेवाळाचा हिरवा ओघळ उतरला होता आणि पेचकस टेकवताच सागवानात बोटभर रुतला. बाकीचा सज्जा ठणठणीत होता. अशा वेळी कुजलेला तुकडा काढून तेथे सागाचाच सांधा देता येतो आणि कूलर मागच्या अंगणाकडे हलवता येतो. हे काम सज्जा पाडण्याहून किती तरी स्वस्त पडते.

स्लॅबचा मुद्दा मात्र मला अधिक गंभीर वाटतो. पाच इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोंच्या वर जाते, आणि कवेलूंचे छप्पर त्याहून पुष्कळ हलके असते. हा भार ज्या विटा-चुन्याच्या भिंतीवर येणार, ती शेजाऱ्याचीही आहे आणि त्याच्याही तुळयांची टोके तिच्यात रुतलेली आहेत. म्हणून संरचना अभियंत्याचा अहवाल आणि शेजाऱ्याची लेखी संमती जोडल्याशिवाय अर्ज पुन्हा देऊ नये. खोली हवीच असेल, तर ती मागच्या बाजूला, रस्त्यावरून दिसणार नाही अशी, हलक्या पोलादी सांगाड्यावर सुचवावी. आखीव पत्रिका (जागेच्या मालकीचा नगर भूमापनातला उतारा) आणि मोजमापांचे नकाशे तर लागतीलच, पण चारही घरांचा समोरून काढलेला एकत्र फोटो जरूर लावावा; बहुतेक अर्जदार फक्त आपल्याच घराचा लावतात. वारशाच्या अटीमुळे चटईक्षेत्र (जागेवर बांधता येणारे एकूण क्षेत्र) गमवावे लागल्यास विकास हक्क हस्तांतरणाची, म्हणजे तो हक्क दुसऱ्या जागेवर वापरू देण्याची किंवा विकू देण्याची, मागणी करण्याची सोय नियमावलीत आहे.

प्रश्न : पावसाळ्यानंतर जुन्या भिंतीला लोणा लागतो, म्हणजे ओलीबरोबर क्षार फुटून गिलावा झडतो. सिमेंटचा गिलावा केला तर थांबेल का?
— एक वाचक, इतवारी

उत्तर : थांबणार नाही, वर चढेल. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडून सुकते. सिमेंट ती अडवते आणि मग क्षार गिलाव्याच्या वरच्या कडेपाशी फुटतात. आधी पन्हळीची गळती आणि अंगणाचा उतार तपासावा, मग खराब गिलावा खरवडून भिंत एक उन्हाळा सुकू द्यावी आणि त्यानंतर चुना व सुरखीचा (विटांच्या भुकटीचा) गिलावा करावा. घर यादीत असल्यास काम सुरू करण्यापूर्वी महापालिकेच्या नगररचना विभागात लेखी विचारणा करून तिची पोच घ्यावी.