खाणीचा पैसा गावाला कसा मिळतो?

प्रश्न : नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरकडे सोनं आहे म्हणतात. खाण निघालीच, तर ग्रामपंचायतीचा वाटा किती? – एक सरपंच

उत्तर : थेट काहीच नाही. सोन्याची रॉयल्टी, म्हणजे खनिज काढण्याबद्दल खाणवाला सरकारला देतो ती रक्कम, राज्याच्या तिजोरीत जाते. गावाकडे पैसा येतो तो जिल्हा खनिज प्रतिष्ठानातून, म्हणजे खाणबाधित भागासाठी जिल्ह्यात नेमलेल्या न्यासातून. लिलावात घेतलेल्या खाणपट्ट्याला रॉयल्टीच्या १० टक्के, १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या पट्ट्याला ३० टक्के रक्कम खाणवाल्याला तिथं वेगळी भरावी लागते. हा निधी खाणबाधितांसाठीच. मात्र ‘रस्ता द्या’ एवढ्या अर्जावर काम हलत नाही. ग्रामसभेचा ठराव, अंदाजपत्रक, जागेचा उतारा जोडा. अन् पाणी आधी मागा, सभागृह मागाहून. पाणी आधी का, ते कर्नाटकातल्या कोलारवरून कळेल : तिथली सोन्याची खाण २००१ साली बंद झाली, पण सोनं वेगळं काढायला सायनाइड हे विष वापरलेल्या मातीचे डोंगर वस्तीलगत तसेच राहिले.